बारा गुरुवार

'खाडा' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आजोबा वडगावला यंत्रमागावर कामाला होते. पगार हातात आला की आजी नोटा मोजायच्या आधी विचारायची, "खाडे किती?" आजोबा बोटं दाखवायचे. दोन बोटं असली तर आजी काही बोलायची नाही, चार असली तर त्या आठवड्यात घरात मटण शिजायचं नाही. कॉलेजात आल्यावर तोच खाडा ७५ टक्के हजेरीच्या रूपाने पुन्हा भेटला. मार्च महिन्यात नोटीस बोर्डासमोर उभं राहून स्वतःचा नंबर शोधताना पोटात कसा गोळा येतो, हे आपल्या मंडळातल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

पण खाडे मोजायचे कसे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आला नाही तो दिवस मोजायचा, यात काय अवघड आहे? ते अवघड आहे हे मला २०२३च्या उन्हाळ्यात कळलं.

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सहा आठवड्यांसाठी शिकाऊ म्हणून जायला लागले. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. माझी जागा मात्र भट्टीपासून लांब, ऑफिसातल्या पंख्याखाली होती. शेजारच्या टेबलावर टाइमकीपर काका बसायचे. तीस वर्षं त्यांनी मस्टर सांभाळलेलं. दोन वर्षांपूर्वी दारात बोटाचा ठसा घेणारं मशीन आलं, तरी काकांनी मस्टर सोडलं नव्हतं. "मशीनला लाइट लागते. मला लागत नाही," असं ते म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी काम दिलं. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतली गैरहजेरी डेटाबेसमध्ये होती. एका ओळीत एक कामगार आणि एक तारीख. अशा हजारभर ओळी. साहेबांना त्या नको होत्या. त्यांना असं हवं होतं : अमुक नंबरचा कामगार या तारखेपासून त्या तारखेपर्यंत सलग इतके दिवस आला नाही.

माणसाला हे बघता क्षणी कळतं. कॅलेंडरवर खुणा केल्या की सलग दिवस चिकटून दिसतात. डेटाबेसला मात्र प्रत्येक ओळ सुटी दिसते. ३ तारखेच्या ओळीला ४ तारखेची ओळ आपली शेजारीण आहे हे ठाऊक नसतं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर एक युक्ती सापडली. ती इतकी सोपी आहे की कॉमर्सच्या मैत्रिणींनीही करून बघावी.

समजा, एक कामगार जानेवारीत २, ३, ४, ९, १० आणि १७ या तारखांना आला नाही. या तारखांना ओळीने क्रमांक द्या : १, २, ३, ४, ५, ६. आता प्रत्येक तारखेतून तिचा क्रमांक वजा करा. उत्तरं येतात १, १, १, मग ५, ५, आणि शेवटी ११. तारखा सलग असतात तोवर तारीखही एकाने पुढे जाते आणि क्रमांकही एकाने, त्यामुळे वजाबाकी बदलत नाही. मध्ये खंड पडला की तारीख उडी मारते, क्रमांक मारत नाही, आणि वजाबाकी बदलते. मग एकाच कामगाराच्या, समान वजाबाकीच्या ओळी एका गटात घ्यायच्या. गटातली सर्वांत आधीची तारीख म्हणजे सुरुवात, सर्वांत शेवटची म्हणजे शेवट, आणि ओळी मोजल्या की दिवस. एसक्यूएलवाले या प्रकाराला 'गॅप्स अँड आयलंड्स' म्हणतात. मधली रिकामी जागा म्हणजे खंड आणि सलग दिवस म्हणजे बेटं. हजार ओळींची तीनशेच्या आसपास बेटं झाली. त्या दिवशी मी डबा खायलाही विसरले.

काकांनी छापील कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पाच मिनिटांत चूक काढली.

"हा बघ. १० फेब्रुवारीला शुक्रवार. शुक्रवार, शनिवार आला नाही. सोमवार, मंगळवार आला नाही. तू दोन वेळा धरलीस. त्याला ताप होता, एकच ताप. ताप काय रविवारी उतरतोय आणि सोमवारी परत चढतोय?"

रविवारी कारखाना बंद. बंद दिवशी कुणी गैरहजर नसतं, म्हणून रविवारची ओळच नव्हती, आणि माझ्या बेटाचे बरोबर रविवारी दोन तुकडे पडत होते. मग मी कॅलेंडरचं वेगळं टेबल केलं. त्यात फक्त कामाचे दिवस घेतले आणि १ जानेवारीपासून त्यांना क्रमांक दिले. शुक्रवार १० फेब्रुवारी हा ३४वा कामाचा दिवस, शनिवार ३५वा, सोमवार ३६वा, मंगळवार ३७वा. आता तारखेऐवजी हा क्रमांक घेऊन वजाबाकी केली की रविवार मध्ये येतच नाही. चार दिवसांचं एक बेट झालं. काकांनी मान हलवली. मी तोच कागद साहेबांना मेल केला.

साहेब आधी एका परदेशी कंपनीत होते. तिथला एक हिशोब त्यांनी मला सांगितला. त्याला ब्रॅडफर्ड फॅक्टर म्हणतात. कामगार किती वेळा गैरहजर राहिला, तो आकडा घ्यायचा, त्याला त्याच आकड्याने गुणायचं आणि मग एकूण दिवसांनी गुणायचं. एखादा माणूस सलग १० दिवस रजेवर गेला, तर १ गुणिले १ गुणिले १०, म्हणजे १०. तेच १० दिवस त्याने एकेक करून दहा वेळा बुडवले, तर १० गुणिले १० गुणिले १०, म्हणजे १०००. साहेबांचं म्हणणं असं की, लांब रजेवर जाणारा सांगून जातो, त्याच्या जागी माणूस बसवता येतो. सकाळी अचानक न येणाऱ्यामुळे साचे तयार असूनही ओतकाम अडतं. मला ते पटलं. अजूनही बऱ्यापैकी पटतं.

वेळा आणि दिवस हे दोन्ही आकडे माझ्याकडे तयारच होते. मी एक स्तंभ वाढवला आणि यादी मोठ्या आकड्यापासून लहान आकड्याकडे लावली. ऊसतोडीला अर्ज देऊन गावी गेलेला एक कामगार सलग २२ दिवस नव्हता. त्याचा आकडा २२, यादीत खूप खाली. सगळ्यांत वर होता कामगार नंबर ४१७. वेळा १२, दिवस १२. आकडा १७२८. त्याच्या खालच्यापेक्षा कितीतरी पुढे. खोटं कशाला बोलू, तो आकडा बघून मला मजा वाटली होती. क्वेरीला कुणीतरी सापडला, म्हणजे क्वेरी चालतेय असं वाटलं.

आठ दिवसांनी दुपारी एक माणूस ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, अंगावर भट्टीची धूळ, एका हातात कागद, दुसऱ्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. काकांनी "या मामा, बसा," म्हटलं, पण ते बसले नाहीत. कागद कारणे दाखवा नोटिशीचा होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. यादी मी केली हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं.

"मॅडम, हे बारा वेळा काय लिहिलंय? मी एकदाच सांगितलो होतो की वो."

मला कुणी मॅडम म्हणायची ती पहिलीच वेळ, आणि म्हणणारा माणूस माझ्या वडिलांपेक्षा मोठा होता. मी काहीच बोलले नाही. त्यांनी पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सोमवारी तिचा भाऊ नेतो, गुरुवारी हे नेतात. सकाळी सातला खानापूरकडच्या गावातून निघायचं, चार तास मशीनवर, मग तिला चक्कर येते म्हणून बसमध्ये धरून बसायचं. डिसेंबरमध्ये त्यांनी फोरमनला सांगितलं होतं, "दर गुरुवारी मी नसणार." फोरमननं "बरं," म्हटलं होतं. पगार कापून जात होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

"दांडी मारलो असं वाटतंय हे वाचून," ते म्हणाले. "पोरगं वाचलं घरात."

ते गेल्यावर काकांनी मस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. ४१७च्या ओळीत गुरुवारच्या चौकोनांत लाल शाईने 'ए' होता. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं : 'बायको – दवाखाना – दर गुरु.' बाकीच्या ओळींतही असेच शेरे होते. 'सासू वारली.' 'पाय भाजला.' 'जत्रा.' एका ठिकाणी नुसतं 'दारू'. मशीनच्या टेबलात हा रकानाच नव्हता. आणि मस्टर माझ्यापासून तीन फुटांवर होतं. महिनाभरात मी ते एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी घरी हे सगळं सांगितलं. आई म्हणाली, तू शिकाऊ आहेस, तुझा काय दोष? आजी ताटातला भात चिवडत बसली होती. मग म्हणाली, "मी सोळा सोमवार केले तुझ्या आईच्या लग्नासाठी. किती व्रतं केली?"

"सोळा."

"सोळा कशी? उपास सोळा. व्रत एकच."

"पण आजी, मध्ये सहा-सहा दिवस जेवायचीस ना?"

"जेवीन नाहीतर काय! सोमवार ते सोमवार सलगच की ते. आणि मध्ये सुतक आलं तर तो सोमवार मोजायचा नाही, पुढचा धरायचा. व्रत मोडत नाही."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये फातिमा नगरची मैत्रीण भेटली, तिला सांगितलं, तर ती म्हणाली, आमच्याकडे नऊ बुधवारांची नोव्हेना असते, तीही नऊ वेळा नसते, एकच असते. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त क्वेरी लिहिताना 'सलग' म्हणजे 'आजच्या पुढचा उद्या' एवढंच मी धरलं होतं.

मग कॅलेंडरच्या टेबलात आणखी एक क्रमांक घातला : कामाचा गुरुवार कितवा. ५ जानेवारी पहिला, १२ दुसरा, १९ तिसरा. २६ जानेवारी २०२३ हाही गुरुवारच होता, पण प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, म्हणून तो मोजायचा नाही. आजीचं सुतक. त्यामुळे २ फेब्रुवारी चौथा, आणि असं करत ३० मार्च बारावा. मग कामगार आणि वार असे गट पाडून तीच जुनी वजाबाकी केली. ४१७च्या बाराही ओळींत उत्तर शून्य आलं. बारा तारखांचं एक बेट. वेळा १, दिवस १२. आकडा १७२८ होता, तो १२ झाला. एकही तारीख बदलली नव्हती. माणूस तोच, गुरुवार तेच.

त्या दिवशी काकांनी राज्य विमा योजनेतली एक गोष्ट सांगितली. आजारपणाचा भत्ता मिळताना तेव्हा पहिले दोन दिवस धरत नसत. पण आधीचं भत्ता मिळालेलं आजारपण संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा कुणी आजारी पडलं, तर हे दोन दिवस पुन्हा कापत नसत. १९४८च्या कायद्यात हे लिहिलेलं होतं. म्हणजे आजार कुठे संपतो आणि कुठे नवा सुरू होतो, हे कुणीतरी बसून, विचार करून ठरवलेलं होतं. साहेबांच्या यादीत ते मी ठरवलं होतं, आणि ठरवतेय हे मला माहीतही नव्हतं.

नवा कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. हात थरथरत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक. मग जो दर सोमवारी दांडी मारतो, रविवारची उतरली नाही म्हणून, तोही तुझ्या हिशोबात एकदाच धरला जाणार. त्याचं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. यादीत असा एक जण खरंच होता. माझ्या नव्या क्वेरीने त्यालाही अलगद वाचवलं होतं. गुरुवारचा माणूस आणि सोमवारचा माणूस, दोघांच्या वजाबाक्या सारख्याच. फरक फक्त काकांच्या शेऱ्याच्या रकान्यात होता.

"सर, हा आकडा अचानक न येणाऱ्यांसाठी आहे ना?" मी म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत. पण मामा अचानक गैरहजर नव्हते. डिसेंबरमध्येच सांगितलं होतं त्यांनी. फोरमनला विचारा. सांगितलं की नाही, हे टेबलात नाहीच."

साहेबांनी फोरमनला बोलावलं. फोरमन आधी गडबडला, मग कबूल झाला.

पुढचा मार्ग काकांनी काढला. दर रविवारी कारखाना बंद असताना भट्टीचं आतलं अस्तर दुरुस्त करतात, त्याला चार माणसं लागतात आणि ती कधीच वेळेवर मिळत नाहीत. कारखाना कायद्याच्या ५२व्या कलमात अशी सोय होती की, रविवारी काम करणाऱ्याला त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टी द्यायची. काकांनी बोटांवर मोजून दाखवलं : शनिवार, शुक्रवार, गुरुवार. बरोबर तिसरं बोट. "इन्स्पेक्टरला कळवायचं, बोर्डावर नोटीस लावायची, झालं. मामा रविवारी भट्टीत, गुरुवारी दवाखान्यात. पगार पण कापायला नको."

साहेबांनी दोन दिवस घेतले आणि सही केली. नोटीस मागे घेतल्याचं पत्रही दिलं. हे लिहायलाच हवं, कारण त्यांनी नाही म्हटलं असतं तर माझ्यासारखीला काहीच करता आलं नसतं. मामांचा आठवडी आराम मात्र त्यात गेला. एक दिवस भट्टी, एक दिवस दवाखाना आणि पाच दिवस पुन्हा भट्टी. हा न्याय झाला असं मला वाटत नाही. त्यांना वाटलं. पिशवीतून चार आंबे काढून त्यांनी काकांच्या टेबलावर ठेवले आणि मला म्हणाले, "आता एकदाच लिहिलासा नव्हं?"

जायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात मी टेबलात एक रकाना वाढवला. त्याला इंग्रजी नाव द्यायला हवं होतं, पण रोमन अक्षरांत मी 'शेरा' असंच लिहिलं. तो कोण भरणार, हा प्रश्न आहेच. काका पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्रमाणपत्र आणायला मी पुन्हा तिथे गेले. काकांनी चहा मागवला. डेटाबेसमध्ये आता ४१७च्या गुरुवारच्या ओळी नसतात, कारण त्या दिवशी त्यांची सुट्टीच असते. क्वेरीला ते बेट दिसतच नाही. पण डायलिसिस असं महिन्या-दोन महिन्यांत संपत नाही. किडनी मिळाली तर थांबतं, नाहीतर एकाच कारणानं थांबतं. दर गुरुवारचा हा क्रम मोडला, याचा अर्थ मामा सुटले असा होईलच असं नाही. आजोबांचे खाडे कमी दिसले की आम्ही खूश व्हायचो. इथे मला उलटंच वाटत होतं.

काकांना विचारायचं धाडस होईना. चहा संपेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. निघताना दाराजवळच्या बोर्डावर नोव्हेंबरचा कामाचा तक्ता लावलेला दिसला. मी बोट फिरवत खाली खाली गेले. ४१५, ४१६, ४१७. साप्ताहिक सुट्टी : गुरुवार.

मी बसस्टॉपकडे चालायला लागले.